मिरजेच्या गाण्यावर लेख मागवण्यापूर्वी : दिवाळी अंकांच्या संपादकांना खुले पत्र

दिवाळी अंकांचे आणि वाङ्मयीन नियतकालिकांचे संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे-जूनमध्ये दिवाळी अंकांची निमंत्रणपत्रे निघू लागली की एखाद्या तरी अंकाला ‘शहर आणि संगीत’ असा विभाग करावासा वाटतो आणि त्यात मिरज हमखास येते. लेखक ठरतो, पंधराशे शब्द ठरतात, ऑगस्टची तारीख ठरते. दिवाळीत जो लेख हाती येतो तो ओळखीचा असतो. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, दर्ग्यातले चिंचेचे झाड, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी सतारी करायला घेतल्या ती गोष्ट, आणि शेवटच्या परिच्छेदात कला लोप पावत असल्याचा उसासा. सोबत छायाचित्र असते. ते मिरजेच्या वाद्याचे असेलच याची खात्री नसते.

हे पत्र लिहिणारे आम्ही मिरजेत वाद्ये करतो, गाणे शिकवतो, जुने अंक आणि ध्वनिमुद्रिका जमवतो. लेखकांना दोष द्यावा असे आम्हाला फारसे वाटत नाही. लेख मागवण्याची रीतच अशी आहे की तिच्यातून याहून वेगळे काही निघणे कठीण. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाचा पायंडा पाडला. तेव्हापासून ऐसपैस, सवडीने वाचायच्या मजकुराला मराठीत या अंकांनीच जागा दिली. म्हणून वर्तमानपत्रांकडे न जाता आपल्याकडे मागणी करतो. मिरजेच्या संगीतावरचा लेख छपाईला जाण्याआधी एकदा इथल्या कारागिराला किंवा गाणाऱ्याला वाचून दाखवला जावा. त्यासाठी लागणारा वेळ, शब्द आणि पैसा अंकाच्या आखणीतच धरलेला असावा. एवढेच. पत्राचा पुढचा भाग हे कसे करायचे आणि का करायचे याच्या तपशिलाचा आहे.

पहिली गोष्ट विषयाची. ‘मिरजेचा सांगीतिक वारसा’ असा विषय कोणालाही देऊ नका. तो ग्रंथाचा विषय आहे. लेखाला दिला की लेखक नावांची यादी करतो आणि यादी करताना घाईत चुकतो. विषय एवढा लहान द्या की त्याला एकाच गल्लीत किंवा एकाच दप्तरात उत्तर शोधावे लागेल. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९–१९२६) ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली हे सगळे लिहितात. मिरजेत त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलांचा दिवस कसा जाई, संस्थान त्यांच्या शिक्षणाचा भार कसा उचली, हे लिहिणारा विरळा. त्यांचे शिष्य नीलकंठबुवा अलुरमठ मिरजेत राहिले आणि त्यांच्याकडे धारवाडचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. धारवाडच्या गाण्यावरचे लेख या टप्प्यावर एक वाक्य खर्च करून पुढे जातात. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, मापे घेतली तेव्हा खाँसाहेबांचा गळा त्यांच्या कामी आला आणि १९१० साली देवलांचे इंग्रजी पुस्तक निघाले. सांगली-मिरज या सहा मैलांत घडलेला हा प्रयोग मराठीत अजून कोणी नीट समजावून सांगावा असा आहे. किंवा रेल्वे आणि इस्पितळ घ्या. मिरज जंक्शनवर मीटर गेज आणि नॅरो गेज एकत्र येत, पुढे ब्रॉड गेजही आले, तेव्हापासून मुंबई-पुण्याकडून कर्नाटकात जाणाऱ्या गायकाला इथे गाडी बदलावी लागे. आणि वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलमुळे दूरदूरची आजारी माणसे इथे मुक्कामाला येत. गवई एखाद्या गावी का टिकतात याचे उत्तर पुष्कळदा राजाश्रयाइतकेच अशा गोष्टींत सापडते.

आता चुका. त्याच त्याच होतात, म्हणून संपादकांच्या टेबलावर असाव्यात.

‘मिरजेचे संस्थानिक’ असे नुसते लिहून चालत नाही. १८२० नंतर मिरज संस्थानच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. मिरज शहर थोरल्या पातीकडे होते, धाकट्या पातीची राजधानी बुधगाव. दोन्हीकडे पटवर्धनच आणि नावेही फिरून फिरून येणारी, तेव्हा कोणत्या पातीचे कोणते पटवर्धन आणि कोणत्या काळातले हे लिहिले नाही तर वाक्याला अर्थ उरत नाही.

विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, जन्म १८७२. दत्तजयंतीच्या दारूकामात डोळे दुखावले, उपचारासाठी मिरजेला आणले, आणि इथे बाळकृष्णबुवांकडे शिकले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली, ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९३१ मध्ये मिरजेतच त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा काळ १९२१ ते १९५५. वडिलांच्या चरित्राला मुलाचे छायाचित्र आणि मुलाच्या ध्वनिमुद्रिकांचा उल्लेख वडिलांच्या नावावर, हे दोन्ही छापून आलेले आम्ही पाहिले आहे.

खाँसाहेबांचे निधन मिरजेत झाले नाही आणि मद्रासलाही नाही. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर झाले. दफन मिरजेत, ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. वडील अब्दुल करीम खाँ असले तरी त्यांची मुख्य तालीम अब्दुल वहीद खाँसाहेबांकडची. ‘वडिलांच्या मांडीवर बसून शिकल्या’ हे वाक्य लेखकाला लिहायला गोड वाटते. ते काढून टाका. बालगंधर्वांचे रंगभूमीवरचे पदार्पण १९०५ साली मिरजेत, किर्लोस्कर मंडळीत, शकुंतलेच्या भूमिकेत झाले. त्या वेळी गंधर्व नाटक मंडळी अस्तित्वातच नव्हती. नाटककार गोविंद बल्लाळ देवल आणि श्रुतींचे देवल म्हणजे कृष्णाजी बल्लाळ, ही दोन माणसे.

दर्ग्याचा उरूस हिजरी पंचांगाने चालतो, म्हणून इंग्रजी कॅलेंडरात तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. ‘दर वर्षी अमुक महिन्यात संगीतसभा भरते’ असे लिहिले की दोन-तीन वर्षांत ते खोटे ठरते. अंबाबाईच्या देवळातला संगीत महोत्सव मात्र नवरात्राचा. खाँसाहेब आजारी होते, दर्ग्यात गायले आणि बरे झाले ही कथा इथे आवडीने सांगितली जाते. तिला लेखात जरूर घ्यावे, ‘असे सांगतात’ हे दोन शब्द लावून. शिकलगार फरीदसाहेबांची गोष्टही वेगवेगळ्या घरांत वेगवेगळी ऐकायला मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हा व्यवसाय इथे सुरू झाला एवढे पक्के धरावे, आणि नेमका सन लिहिणाऱ्याला तो कुठे मिळाला ते विचारावे. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते दोन वेगळ्या वस्तूंना: मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा. ‘मिरजेच्या वाद्यांना मानांकन’ हे ढोबळ वाक्य सारंगी आणि पेटीलाही लागू पडते, म्हणून चुकीचे.

हे सगळे पुस्तके चाळून दुरुस्त होण्यासारखे आहे. कारागिरीचे तसे नाही. लेख वाचून दाखवण्याचा आग्रह मुख्यतः तिच्यासाठी आहे आणि शब्दमर्यादा वाढवण्याचाही. तंबोरा कसा होतो हे पंधराशे शब्दांत सांगू गेले की ‘भोपळ्याला दांडी जोडून तारा चढवतात’ यापलीकडे जाता येत नाही. साडेतीन-चार हजार शब्द द्या. देता येत नसतील तर एकट्या जवारीवर, म्हणजे तारेखालच्या घोडीचा माथा घासून आवाज खुलवण्याच्या कामावर, लिहून घ्या.

लेखकाने काय विचारायचे ते सांगतो, म्हणजे लेख आल्यावर त्यात काय राहिले हे आपल्यालाही कळेल. भोपळा येतो मंगळवेढा-पंढरपूर भागातून, भीमेच्या काठच्या रानांतून. तो खाण्याचा भोपळा नव्हे, कडू जातीचा. वेलावर पुरता पिकलेला पाहिजे. कोवळा काढला तर वाळताना ओढला जातो आणि साल एका अंगाला पातळ पडते. अवेळी पाऊस झाला की त्या वर्षी मोठ्या घेराचे भोपळे मिळत नाहीत, आणि पुरुषांच्या तंबोऱ्याला घेर हवाच. वाळलेल्या भोपळ्याचे तोंड कापतात, तो पाण्यात भिजवून नरम करतात, आतला गर आणि बिया खरवडतात आणि तोंडाला आतून बांबूच्या काड्यांचे ताण देऊन हव्या त्या आकारात पुन्हा वाळू देतात. घाई झाली आणि ओल राहिली तर पुढे सांधा उकलतो. वर गळ्याचे लाकूड, त्यावर दांडी, पुढच्या तोंडावर तबली. लाकूड बहुधा तुणीचे. तबली सपाट नसते, तिला थोडा फुगवटा ठेवलेला असतो आणि जाडी काही मिलिमीटरच. जाड राहिली तर आवाज कोंडतो. पातळ झाली तर तारांच्या ताणाने घोडीखाली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली, बसते. बसलेली तबली वरून दुरुस्त होत नाही, उघडावी लागते.

लेखात पॉलिशवर एक परिच्छेद हमखास असतो, कारण ते डोळ्यांना दिसते. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये, कापडाच्या बोळ्याने, थरावर थर, एवढे पुरे. नक्षीबद्दल मात्र जपून लिहायला हवे. जुन्या वाद्यांवर हस्तिदंत आणि सांबरशिंग असे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी ते बंद झाले. आता उंटाचे हाड, आबनूस, शिसवी आणि प्लॅस्टिक वापरतात. आज तयार झालेल्या वाद्याला लेखकाने शोभेसाठी ‘हस्तिदंती नक्षी’ म्हटले तर छापील कागदावर त्या कारागिराच्या नावाने गुन्ह्याची कबुली होते. विशेषण एकच, पण निस्तरायचे कारागिराला.

जवारीवर थोडे सविस्तर, कारण चांगला आणि वाईट लेख इथे वेगळा होतो. घोडीचा माथा लांबून सपाट वाटतो. तो तारेच्या दिशेने अगदी मंद उतार घेतलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर सरळ टेकून राहत नाही. कंप पावताना पुढेमागे टेकते आणि सुटते, आणि त्या टेकण्या-सुटण्यातून वरचे स्वर झळाळून उठतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी धागा सरकवतात. धागा तारेला जेमतेम वर उचलतो. पुढेमागे करताना एका जागी आवाज खुलतो, ती जागा. धागा म्हणजे जवारी नव्हे. घोडीचा उतार बरोबर नसेल तर धागा कुठेही ठेवला तरी तार भणभणते, नाहीतर मुकी राहते. हा फरक ज्या लेखात नाही तो लेखक दुकानात गेला होता, पण काम बघत बसला नव्हता, असे खुशाल समजावे.

काम बारीक कानशीने होते, आणि चारही तारांखालचा माथा वेगवेगळा लावावा लागतो. कानस लावण्याआधी तारा इच्छित पट्टीला, म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीवर गाणाऱ्याचा सा असतो तिला, चढवलेल्या पाहिजेत, कारण ताण बदलला की जवारी बदलते. म्हणूनच कारागीर गिऱ्हाइकाला आधी पट्टी विचारतो. पुरुषांचा तंबोरा साधारणपणे काळी एक-काळी दोनच्या आसपास, स्त्रियांचा पांढरी पाच ते काळी पाच. काळी एकला लावलेली जवारी तारा तशाच ठेवून काळी तीनला नेली तर बिघडणारच. तारेच्या जाडीचेही तसेच. जोडीच्या पोलादी तारा ०.३ मिलिमीटरच्या आसपास असतात, खर्जाची पितळी तार बरीच जाड. लेखात जाडी द्यायची तर मिलिमीटरमध्ये द्यावी, दुकानाचे नंबर देऊ नयेत, कारण सगळीकडे नंबर सारखे नसतात. कानस एका जागी जास्त चालली तर तेवढ्याच जागी भर घालता येत नाही, पूर्ण माथा खाली घेऊन पुन्हा लावावा लागतो. रोजच्या वापराने तार घोडीत चर पाडते, म्हणून काही काळाने जवारी काढून घ्यावी लागते. नव्या वाद्याची जवारी बसते आणि थोड्या आठवड्यांनी पुन्हा हात मागते. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, तारा गंजतात, दुकानात दुरुस्तीची वाद्ये साचतात. लेखकाला जुलैत पाठवा. बिघाड पाहायला मिळतात आणि ते पाहिल्याशिवाय वाद्य कळत नाही. एक विनंती मात्र करा: जवारी लावणे चालू असताना प्रश्न विचारू नयेत. कारागीर कानाने काम करत असतो.

भागांची नावे लेखकाने दुकानात बोलतात तीच लिहावीत. परीक्षेच्या पुस्तकातल्या हिंदी नावांनी लेख भरला की तो विद्यार्थ्याच्या वहीसारखा दिसतो आणि कारागिराला वाचून दाखवला तर त्यालाच कळत नाही.

स्वरलिपी ही दुसरी जागा, जिथे अंकाची यंत्रणा चांगल्या लेखाचेही नुकसान करते. मिरजेशी पलुस्कर परंपरेचा संबंध असल्याने इथल्या जुन्या वह्या आणि पुस्तके बहुधा पलुस्कर पद्धतीची. आजचे बहुतेक वाचक भातखंडे पद्धत वाचतात. भातखंडे पद्धतीत मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वराला खाली टिंब; तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, स्वराला वर टिंब. पलुस्कर पद्धतीत वरचे टिंब मंद्राचे, आणि तारसप्तकाला वर उभी रेघ. भातखंडे पद्धतीत तीच उभी रेघ मध्यमावर आली की तीव्र मध्यम. कोमल स्वराला एकीकडे खाली आडवी रेघ, दुसरीकडे हलन्तासारखी खूण. म्हणजे पद्धतीचे नाव न छापता जुन्या वहीतली एखादी ओळ जशीच्या तशी छापली, तर वाचक तिच्यातले मंद्र स्वर दोन सप्तके वर गाईल आणि मुद्रितशोधकाला काही चुकल्याचा पत्ताही लागणार नाही.

त्यात टंकलेखनाची भर. वरचे टिंब म्हणून लेखक अनुस्वार देतो, ‘सां’ होते. शुद्धलेखन तपासणारा तो अनुस्वार काढतो. खालची रेघ म्हणून मजकूर अधोरेखित केलेला असतो, तो मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना सगळे स्वरूपण पुसले जाते आणि कोमल गंधार शुद्ध होतो. म्हणून नियम करा: स्वरलिपी मजकुरात टाइप केलेली स्वीकारायची नाही. लेखकाने ती हाताने स्वच्छ लिहून पाचशे-सहाशे डीपीआयला स्कॅन करावी, नाहीतर पीडीएफ पाठवावी, आणि ती चित्र म्हणून छापावी. वर एक ओळ: पद्धत कोणती, ताल कोणता, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे. छापून आल्यावर एकदा कोणाकडून तरी गाऊन घ्यावी. वाचून तपासलेल्या स्वरलिपीत चुका राहतात, गायली की लगेच पकडल्या जातात.

मजकूर युनिकोडमध्ये घ्या हे आता सांगायला नको, तरी जुन्या फॉन्टमधले लेख अजून येतात. रूपांतर करताना रफार आणि अर्धा ‘र’ हमखास घसरतो आणि ‘तंबोऱ्याच्या’सारखे शब्द प्रत्येक पानावर फुटतात. अशा लेखाचा ‘ऱ्या’ आणि ‘र्य’ शोधून वेगळा वाचावा.

छायाचित्रांबद्दल थोडक्यात. डेमी अष्टपत्री आकाराच्या पूर्ण पानाला, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचाला, तीनशे डीपीआयने १६५० बाय २५५० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकसते. डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने मागवा. वाद्य ओळखायची खूण: पडदे असले तर तो तंबोरा नव्हे, सतार असेल. खालचे भांडे भोपळ्याऐवजी फणसाच्या लाकडाचे कोरलेले असेल तर तो तंजावरचा तंबुरा. शोधयंत्रावर ‘तानपुरा’ म्हटले की हे तिन्ही एका रांगेत येतात आणि मांडणी करणारा सर्वांत देखणे उचलतो. कारागिराचा चेहरा छापायचा असेल तर त्याला विचारून, आणि ओळीत त्याचे नाव त्याने सांगितले तसे.

हक्कांचा प्रश्न बहुतेक अंक टाळतात, तो टाळू नये. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राचाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. नाटककार कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. त्यांचे आता खुले. नाट्यपदांना चाली देणारे मास्टर कृष्णराव १९७४ मध्ये गेले, त्यांच्या रचना २०३४ अखेरपर्यंत संरक्षित. तेव्हा पदाचे शब्द खुले आणि चाल संरक्षित असे होऊ शकते, आणि चालीची स्वरलिपी पूर्ण छापायची तर परवानगी लागते. एखाद्या घरातली जुनी, कधीच न छापलेली वही ही आणखी वेगळी गोष्ट: वही ज्याच्याकडे आहे तो हक्काचा मालक असेलच असे नाही. दोघांकडून दोन ओळी लेखी घ्याव्यात. खाँसाहेबांची १९३० च्या दशकातली मुद्रणे या हिशेबाने खुली आहेत, तेव्हा लेखासोबत क्यूआर कोड देऊन वाचकाला ती ऐकवता येतील. एकच सूचना: ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपासच जागा असे. त्यावरून ‘खाँसाहेब आटोपशीर गात’ असा निष्कर्ष काढणारा लेख आला तर परत पाठवा.

ज्यांना निमंत्रण नाही आणि जे स्वतःहून लेख पाठवतात त्यांच्यासाठी आपल्या आवाहनात चार ओळी वाढवाव्यात असे सुचवतो. ‘साहित्य अप्रकाशित असावे, एका बाजूला लिहिलेले असावे’ हे झालेच. शिवाय लेखकाने समासात प्रत्येक ठोस विधानापुढे एक अक्षर लिहावे: स्वतः पाहिले असेल तर ‘पा’, कोणाकडून ऐकले तर ‘ऐ’, छापील आधार असेल तर ‘छा’. ‘ऐ’ असलेल्या ओळींसाठी कोणाकडून, हे शेवटच्या वेगळ्या कागदावर. तो कागद छापायचा नाही, संपादकाकडे ठेवायचा. यामुळे आपले काम निम्मे होते: ‘छा’ घरी बसून तपासता येते, ‘पा’वर लेखकाला प्रश्न विचारता येतो, आणि कारागिराकडे फक्त ‘ऐ’ आणि कारागिरीचे परिच्छेद न्यावे लागतात. लेखासोबत अर्ध्या पानाचे टिपण मागावे की याच विषयावर आधी काय लिहिले गेले आहे आणि या लेखात त्याहून नवे काय. हे टिपण लिहिता येत नसेल तर लेखही सहसा नवा नसतो.

तारखा अशा धरता येतील. विषय मेमध्ये ठरवावा. जून-जुलैत लेखकाने मिरजेत येऊन काम पाहावे, एका फेरीत भागत नाही. पहिला खर्डा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, वाचन पंधरा ऑगस्टनंतरच्या दहा दिवसांत, शेवटची प्रत महिनाअखेर. दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आली तर हे सगळे पंधरवडाभर आधी उरकावे लागेल. वाचन म्हणजे ईमेलने पीडीएफ पाठवून ‘पाहून घ्या’ म्हणणे नव्हे. कित्येक कारागिरांना फोनवर आठ पाने वाचायला सवड नसते, काहींची बोलायची भाषा दखनी आणि वाचायची सवय कमी. लेखकाने बसून मोठ्याने वाचावे, कारागीर जिथे थांबवेल तिथे खूण करावी. तासा-दीडतासाचे काम आहे. ‘असं नाही’ म्हटल्यावर ‘मग कसं’ हे त्याच वेळी लिहून घ्यावे. मत आणि वस्तुस्थिती यांत फरकही करावा: तार, लाकूड, क्रम यांवर कारागिराचा शब्द अखेरचा, व्यवसाय का मंदावला यावरचे त्याचे म्हणणे हे त्याचे म्हणणे म्हणून जावे, लेखकाचे त्याहून वेगळे असू शकते. वाचून दाखवले म्हणजे लेखकाची लेखणी गहाण पडली असे समजायचे कारण नाही.

आणि मानधन. लेखकाला मिळते ते तुटपुंजे असते हे आम्ही जाणतो, त्यात वाटणी मागत नाही. वाचून तपासणाऱ्याचे मानधन वेगळे आणि लहान का होईना, ठरलेले असावे. त्या वेळेत त्याचे दुसरे काम थांबलेले असते. अंकाची प्रतही त्याला पाठवावी. लेखात ज्याचे नाव आले त्याला अंक विकत घ्यावा लागतो, हे आता पुरे झाले.

यंदाच्या अंकासाठी वाचून घ्यायला माणूस हवा असेल तर सतारमेकर गल्लीत कोणत्याही दुकानी अंकाचे नाव सांगून विचारावे. शुक्रवारची दुपार आणि उरुसाचे दिवस टाळावेत. नवरात्र तर नकोच. तेव्हा परगावचे गायक वाद्ये घेऊन दारात उभे असतात.

आपले,
मिरजेतील काही वाद्यकारागीर, संगीतशिक्षक आणि संग्राहक